भाड्याच्या घरात राहणाऱ्याने इमारतीच्या अग्निसुरक्षेबद्दल कुणाला विचारायचं?

सांजवेळ

नमस्कार मंडळी. आम्ही वाकडला भाड्याने राहतो. बारा मजली इमारत, आमचं घर नवव्या मजल्यावर. इमारतीतली निम्म्याहून जास्त घरं भाड्याने दिलेली आहेत. मालक कुणी बंगळुरूला, कुणी अमेरिकेत, कुणी पुण्यातच पण दुसऱ्या टोकाला. सोसायटीचा कारभार मोजके सभासद बघतात.

आमच्या मजल्यावर जिन्याशेजारी लाल पेटी आहे. काच फुटलेली, आत होज गुंडाळून ठेवलेला, पण त्याच्या टोकाला लावायचं पितळी नोझल गायब. खालच्या मजल्यांवर जाऊन पाहिलं, तिथेही तीच कथा. भिंतीला अग्निशामक सिलिंडर आहे. त्याच्या गेजचा काटा लाल पट्ट्यात पडलाय आणि चिकटवलेल्या कागदावरची 'पुढील रिफिल'ची तारीख केव्हाच उलटून गेली आहे.

सेक्रेटरींना भेटले. बोलले अगदी नीट, पण म्हणाले, "तुम्ही सभासद नाही, तुमच्या मालकांना लेखी द्यायला सांगा." मालकांना फोन केला तर ते म्हणाले, "मी दर महिन्याला मेंटेनन्स भरतो, ते काम सोसायटीचं." म्हणजे आग लागली तर जे घरात असणार त्यांना विचारायचा हक्क नाही आणि ज्यांना हक्क आहे ते इथे राहत नाहीत. घरात सासूबाई आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना एक जिना उतरायलाही आधार लागतो, म्हणून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. कायद्याने भाडेकरूचं स्थान काय? आणि प्रत्यक्षात काय केलं की काम हलतं? ज्यांनी हे तडीस नेलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पाणकळा

+१. आम्ही खराडीला. आमच्याकडे सिलिंडर नवे आहेत, पण गच्चीच्या दाराला कायम कुलूप असतं आणि किल्ली दिवसपाळीच्या वॉचमनकडे. रात्रपाळीच्या माणसाला ती कुठे असते हेही ठाऊक नाही. लक्ष ठेवून आहे धाग्यावर.

निवृत्त_जवान

सांजवेळ, धागा काढलात हे फार बरं केलंत. माझी सगळी नोकरी अग्निशमन दलात गेली, त्यामुळे आधी कायद्याचं सांगतो आणि मग पंपरूमचं, कारण खरी गोम तिथे असते.

आपल्याकडे 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' आहे. त्याच्या कलम ३ प्रमाणे इमारतीतली आगप्रतिबंधक यंत्रणा कायम चालू स्थितीत ठेवणं ही 'मालक किंवा भोगवटादार' यांची जबाबदारी आहे. यंत्रणा बसवली की परवानाधारक एजन्सी 'फॉर्म ए' हा दाखला देते. त्यानंतर दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत, म्हणजे वर्षातून दोनदा, तपासणी करून यंत्रणा चालू असल्याचा दाखला, म्हणजे 'फॉर्म बी', द्यायचा असतो. तो मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याकडे जमा होतो. एजन्सीचा परवाना महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचा लागतो, नाक्यावरच्या सिलिंडर भरून देणाऱ्याची पावती चालत नाही. कसूर झाली तर नोटीस येते, आणि नोटिशीनंतरही हललं नाही तर पाणी-वीज तोडण्यापर्यंतचे अधिकार दलाकडे आहेत.

तेव्हा सेक्रेटरींना "यंत्रणा चालू आहे का" असं विचारूच नका, "आहे" एवढं उत्तर मिळेल. "चालू सहामाहीचा फॉर्म बी दाखवा" म्हणा. कागद एक तर असतो, नाही तर नसतो.

आता पंपरूम. उंच इमारतीत जिन्याशेजारून लाल जाड पाइप वर गेलेला दिसतो, तो रायझर. वेट रायझर असेल तर त्यात सदैव पाणी आणि दाब हवा. कुठे व्हॉल्व्ह ठिबकत असला की दाब थोडा उतरतो, मग जॉकी नावाचा छोटा पंप आपोआप सुरू होऊन दाब भरून काढतो आणि थांबतो. खरी आग लागून कुणी व्हॉल्व्ह उघडला की दाब एकदम कोसळतो आणि मुख्य पंप उठतो. सगळा खेळ पॅनलवरची कळ 'ऑटो'वर असण्याचा.

होतं काय, की गळती दुरुस्त होत नाही. जॉकी दर थोड्या वेळाने घरघरत राहतो. तळमजल्यावरचे लोक तक्रार करतात, वीजबिल वाढतं. मग कुणीतरी वॉचमनला सांगतं आणि तो कळ फिरवून 'मॅन्युअल'वर टाकतो. आवाज बंद, तक्रार बंद. पुढे कित्येक महिने तो पाइप रिकामा उभा असतो आणि वरच्या मजल्यावर होज अगदी नवा असला तरी त्यातून थेंब येत नाही. आमची गाडी पोचल्यावर पहिलं काम पंपरूम गाठायचं, आणि कळ 'मॅन्युअल'वर दिसली की काय वाटायचं ते शब्दांत सांगता येत नाही.

नोझलचं म्हणाल तर ती चोरीला जातात. पितळ आणि गनमेटल भंगारात चांगल्या भावाने जातं. व्हॉल्व्हची चाकंसुद्धा काढून नेतात. म्हणून पेटीची काच शाबूत असणं आणि महिन्यातून एकदा कुणीतरी मजलेवार फेरी मारणं, याला पर्याय नाही.

आणखी एक. इमारतीच्या फाटकाजवळ भिंतीत लाल तोट्या असतात, आमच्या गाडीचं पाणी तुमच्या रायझरमध्ये ढकलण्यासाठी. त्यांच्यापुढे स्कूटर लावलेल्या असतात, कुठे कुठे कुंड्या रचलेल्या. आज घरी जाताना तेवढं बघून या.

हिशेबनीस

मी ठाण्यात एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे. धाग्यात एकच बाजू येतेय म्हणून लिहितो, रागाने नाही.

जवानकाकांनी लिहिलेलं सगळं खरं आहे. पण हे करायला पैसे लागतात आणि ते मंजूर करते सर्वसाधारण सभा. आमच्याकडे सभेला गणपूर्ती होताना मारामार. जे घर भाड्याने देऊन बाहेर राहतात ते येत नाहीत, फोन उचलत नाहीत, आणि मेंटेनन्स वाढवायचा ठराव आला की मात्र ईमेलवर हरकत पाठवतात. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव पुंजी) पाव टक्का दर वर्षी जमवायचा असतो. कितीतरी सोसायट्या बिल्डरच्या काळातला जुना खर्च धरून तो कागदोपत्री पाळतात आणि रंगकाम आलं की तिजोरी रिकामी.

त्यात वार्षिक देखभालीचं कंत्राट सर्वांत कमी दर देणाऱ्याला जातं. काही एजन्स्या इतका कमी दर देतात की त्या पैशात एका माणसाचा दिवसही निघणार नाही. ते येतात, गेटवर सही करतात, कागद देऊन जातात. आम्ही असा एक ठेकेदार बदलला. नव्याचा दर जवळजवळ दुप्पट होता आणि सभेत मला त्याचा जाब द्यावा लागला.

भाडेकरूंबद्दलही बोलू द्या. जिन्याच्या चौकात चपलांचं कपाट, सायकल, वाळत घातलेले कपडे, डिलिव्हरीचे खोके. फायर डोअरला, म्हणजे धूर-आग अडवणाऱ्या जिन्याच्या दाराला, वीट लावून ते उघडं ठेवलेलं. विचारलं की उत्तर मिळतं, "आम्ही थोड्याच दिवसांसाठी आहोत." हे सगळे मालक करत नाहीत असं नाही, पण अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला इमारत आपली वाटत नाही हेही खरं.

सांजवेळ

हिशेबनीस, मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल आभार. चपलांच्या कपाटाचं तुमचं म्हणणं मान्य. पण आम्ही राहायला आलो तेव्हा सोसायटीने पोलीस पडताळणीचा कागद मागितला, सामान चढवायचे पैसे घेतले, लिफ्टमध्ये फर्निचर न्यायची वेळ सांगितली. फायर डोअर कशासाठी असतं, रिफ्यूज एरिया (आगीच्या वेळी आसरा घ्यायची राखीव मोकळी जागा) कुठे आहे, अलार्म वाजला तर कुठून उतरायचं, याबद्दल एक अक्षर कुणी बोललं नाही. आमच्या घरासाठी मालकांकडून नॉन ऑक्युपन्सी चार्जेसही (घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी घेते ते जादा शुल्क) घेतले जातात. त्या मोबदल्यात नव्या भाडेकरूला दहा मिनिटं इमारत दाखवायला कुणी आलं, तर अर्धी कपाटं आपोआप उचलली जातील असं मला मनापासून वाटतं.

जवानकाका, आजच फाटकाशी पाहिलं. तोट्या आहेत. दोन्हींच्या टोप्या नाहीत आणि एकीच्या आत कुणीतरी गुटख्याच्या पुड्या कोंबल्यात.

जुना_गिरगावकर

तुमचं निदान लिफ्ट-रायझरचं तरी बोलणं चाललंय. आमची इमारत पागडीची (एकरकमी पैसे भरून नाममात्र भाड्याने राहायची जुनी पद्धत), १९४० च्या आधीची, म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे उपकर भरणारी. 'अ' वर्गातली. लाकडी तुळया, लाकडी जिना, आणि जिना एकच. सगळ्या बिऱ्हाडांचे विजेचे मीटर त्या जिन्याखालच्या खणात, लाकडी फळीवर ओळीने ठोकलेले. वायरींवर वर्षानुवर्षांची धूळ आणि जळमटं. त्याच खणात गणपतीच्या मखराचं सामान, जुनी वर्तमानपत्रं. म्हणजे आग लागण्याची जागा आणि बाहेर पडण्याची वाट एकच.

आम्ही भाडेकरूंनी मिळून मालकाला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस दिली. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ मध्ये तरतूद आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून घेऊ शकतात आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतात. ऐकायला छान. पण वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये. आमच्याकडे एका खोलीचं भाडं महिना तीनशेच्या आसपास. वर्षाचे ३६००, त्याचा चौथा हिस्सा ९००. नऊशे रुपयांत मीटरचा एक बोर्डही बदलून होत नाही.

शेवटी वर्गणी काढली. मीटर दर्शनी भिंतीवर लोखंडी पेटीत हलवले, जुन्या कापडी वायरी काढल्या, जिन्याखालचा खण पूर्ण रिकामा करून त्याला दारच ठेवलं नाही, म्हणजे कुणी काही भरून ठेवलं तर सगळ्यांना दिसेल. मालकाची ना हरकत मिळवायलाच सर्वांत जास्त वेळ गेला. पैसा परत मिळणार नाही हे माहीत होतं. पण रात्री झोप लागते.

कायदेकानू

गिरगावकरांनी दिलेली माहिती बरोबर आहे, फक्त वाचणाऱ्यांचा घोळ होऊ नये म्हणून थोडं स्पष्ट करतो. कलम १४ हे 'भाडेकरू'साठी आहे. आजकाल पुण्या-मुंबईत जो अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार होतो, त्यात आपण कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असतो. सांजवेळ यांना कलम १४ वापरून खर्च वळता करता येणार नाही.

पण २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यात 'भोगवटादार'ची व्याख्या रुंद आहे. मालकाला भाडं देणारा आणि जागेचा परवानाधारकही त्यात मोडतो. म्हणजे "तुम्ही सभासद नाही, तुमचा संबंध नाही" हे उत्तर टिकणारं नाही. सभेत मत नसलं तरी सुरक्षेच्या कायद्यात तुमची गणना आहे. ही गणना दुधारी आहे बरं का: फायर डोअरला वीट तुम्ही लावलीत तर जबाबदारीही तुमच्याकडे येते.

करायच्या गोष्टी सांगतो. सोसायटीला आणि मालकाला एकाच पत्राच्या दोन प्रती द्या, पोच घ्या, फोटो जोडा. तोंडी काही नको. सोसायटीने फॉर्म बी दाखवला नाही तर महापालिकेच्या अग्निशमन विभागाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा: अमुक इमारतीचे गेल्या तीन वर्षांचे फॉर्म बी, तपासणी अहवाल आणि दिलेल्या नोटिसा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अनुभव असा की अर्ज गेल्याचं कळलं तरी फायली हलू लागतात.

आणि पुढचा करार करताना एक कलम घालून घ्या. मालकाने चालू फॉर्म बीची प्रत करारासोबत द्यावी आणि घरातल्या वायरिंगची तपासणी परवानाधारक वायरमनकडून करून दिलेली असावी. मालकाला यात जड काही नाही, सोसायटीकडून एक झेरॉक्स मागायची आहे. आणि मालकाने मागितली की सेक्रेटरींना ती द्यावी लागते. सभासदाचं वजन तुमच्या बाजूला आणण्याचा हा सोपा मार्ग.

वीजतंत्री

वायरिंगचा उल्लेख आला म्हणून. माझा धंदाच तो आहे. भाड्याच्या घरांत जे सर्रास दिसतं ते लिहितो.

मालक घर देतो तेव्हा हॉलमध्ये एक एसीचा पॉइंट असतो. भाडेकरू आपला दुसरा एसी आणतो आणि बेडरूममधल्या साध्या पॉइंटवर चढवतो. आतली वायर दीड चौरस मिलिमीटरची, ती दिव्या-पंख्यांसाठी. एसीला स्वतंत्र लाइन हवी आणि चारची वायर ओढलेली असली की निर्धास्त. ओव्हरलोड होऊन एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) पडायला लागला की कुणीतरी "जरा मोठा टाका" म्हणतं आणि १६ अँपिअरच्या जागी ३२ चा एमसीबी बसतो. आता एमसीबी पडत नाही, कारण तापण्याचं काम भिंतीतली वायर करते. एमसीबी वारंवार पडत असेल तर तो तुम्हाला काहीतरी सांगतोय, त्याला गप्प करू नका.

इमारतीच्या पातळीवर सर्वांत घातक जागा म्हणजे इलेक्ट्रिक डक्ट. खालपासून वरपर्यंत केबल नेणारी उभी मोरी. प्रत्येक स्लॅबला तिथे भोक असतं, ते केबल टाकून झाल्यावर आगरोधक मसाल्याने बुजवायचं असतं. बऱ्याच इमारतींत ते सुरुवातीला बुजवलेलं असतं, मग इंटरनेटवाला येतो, केबलवाला येतो, प्रत्येक जण भोक पाडतो आणि तसंच सोडून जातो. तळमजल्यावर ठिणगी पडली की ती मोरी धुराड्याचं काम करते. शिवाय डक्टच्या दाराआड झाडू, फिनेलच्या बाटल्या, रद्दी ठेवायची सवय. दार उघडून वर बघा. वरच्या मजल्याचा उजेड दिसला तर भोक उघडं आहे.

इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी काढून वर आणून पॅसेजमध्ये, बाहेर पडायच्या दाराशीच, रात्रभर चार्जिंगला लावणं कृपया थांबवा. ही बॅटरी पेटली तर लवकर विझत नाही आणि वाट तिथेच अडते.

गॅसचं एक वाक्य: शेगडीची नारिंगी सुरक्षा होज पाच वर्षांची असते, तारीख तिच्यावर छापलेली असते, आणि भाड्याच्या घरात ती कुणीच वाचत नाही.

थेम्सकाठी

मी लंडनला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. इथली गोष्ट सांगावीशी वाटते, कारण सांजवेळ यांची तक्रार आणि इथल्या लोकांची तक्रार एकच होती.

१४ जून २०१७ च्या पहाटे ग्रेनफेल टॉवर जळाला. चोवीस मजली इमारत, ७२ माणसं गेली. आग चौथ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमधल्या फ्रिजपासून लागली आणि इमारतीला बाहेरून लावलेल्या ज्वलनशील आवरणावरून वर चढली. राहणारे बहुतेक स्थानिक प्रशासनाचे भाडेकरू. त्यांच्यातल्या काहींनी आधीच लिहून ठेवलं होतं की मोठी दुर्घटना होईपर्यंत आपलं कुणी ऐकणार नाही. त्यांचं कुणी ऐकलं नाही.

त्यानंतर कायदे बदलले. २३ जानेवारी २०२३ पासून इंग्लंडमध्ये ११ मीटरहून उंच निवासी इमारतींत सामाईक भागातली फायर डोअर दर तीन महिन्यांनी आणि प्रत्येक फ्लॅटचं मुख्य दार वर्षातून एकदा तपासायचा प्रयत्न करावाच लागतो. आग लागली तर काय करायचं ते राहणाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. घरमालकाने दर पाच वर्षांनी वायरिंग तपासून अहवाल भाडेकरूच्या हातात द्यायचा आणि घराच्या प्रत्येक मजल्यावर स्मोक अलार्म बसवायचा. मी इथे आले तेव्हा करारासोबत तो अहवाल मिळाला. कायदेकानूंनी सुचवलेलं कलम मला म्हणूनच अगदी रास्त वाटतं. इथे ते कायद्यात आहे, तिथे निदान करारात येऊ दे.

सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. ज्वलनशील आवरण काढायचं काम कितीतरी इमारतींत रखडलंय आणि पैसे कुणी द्यायचे याची भांडणं चालूच आहेत.

पाणकळा

मूळ धाग्याला धरून एक विचारते. सांजवेळ यांच्या सासूबाईंसारखी माणसं घरात असतील तर आगीच्या वेळी नक्की करायचं काय? खाली उतरायचं, गच्चीवर जायचं की घरात थांबायचं? माझी आईही आता आमच्याकडे असते.

निवृत्त_जवान

पाणकळा, याचं उत्तर जरा निवांत देतो.

माणसं आगीने कमी आणि धुराने जास्त जातात. गोरेगाव पश्चिमेला ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे तीनच्या सुमारास जी आग लागली, ती तळाशी पार्किंगमधल्या गाड्यांना आणि तिथे ठेवलेल्या कापडाच्या गठ्ठ्यांना लागली होती. पुनर्वसन योजनेतली इमारत, लोक गाढ झोपेत. धूर जिन्यातून वर चढला आणि जी माणसं त्याच जिन्याने पळाली ती त्यात सापडली. किमान सात जण गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले. तळमजल्यावर कुणी काय साठवून ठेवलंय हा वरच्या प्रत्येक मजल्याचा प्रश्न असतो, हे मी तेव्हापासून प्रत्येक सोसायटीत सांगतो.

तेव्हा नियम असा. आग तुमच्या घरात असेल तर सगळ्यांना घेऊन लगेच बाहेर, दार मागे ओढून घ्या, कुलूप नको. लिफ्ट नाही. आग दुसरीकडे असेल तर आधी मुख्य दाराला हाताच्या पाठीने स्पर्श करा. गरम असेल किंवा फटीतून धूर येत असेल तर दार उघडू नका. जिना मोकळा असेल तर उतरा. धुराने भरला असेल तर त्यात शिरू नका, म्हाताऱ्या माणसाला घेऊन तर मुळीच नाही. रस्त्याच्या बाजूच्या खोलीत जा, मधली दारं लावून घ्या, ओल्या चादरी-टॉवेल दाराच्या फटीत दाबून बसवा, खिडकीतून कापड हलवत राहा आणि १०१ किंवा ११२ ला मजला व फ्लॅट नंबर सांगा. आम्हाला कोणत्या खिडकीशी शिडी लावायची हे कळलं की निम्मं काम झालं.

यासाठी खिडकीच्या ग्रिलला उघडणारं झडप पाहिजे. ठोकळेबाज पिंजरे करून घेतात आणि कुलपाची किल्ली देवघरात. किल्ली त्याच खिडकीजवळ, हाताला येईल अशी टांगा.

गच्ची हा दुसरा पर्याय, पहिला नाही. धूर वरच चढतो. पण खालचा जिना बंद असेल तर माणसं वर धावतातच, आणि तिथे कुलूप म्हणजे सापळा. तुमच्या उंचीच्या इमारतीत सहसा रिफ्यूज एरिया असतो. तो कुठल्या मजल्यावर आहे ते आजच बघा आणि सासूबाईंना एकदा हात धरून तिथपर्यंत नेऊन आणा. किती वेळ लागतो ते कळेल.

सोसायटीने आजारी, वृद्ध, अंध-अपंग राहतात त्या फ्लॅटची यादी गेटवर ठेवावी. भाड्याची घरं या यादीतून हमखास सुटतात, कारण यादी सभासदांच्या वहीवरून बनते.

हिशेबनीस

यादीचा मुद्दा मनाला लागला. आमच्याही यादीत भाडेकरू नाहीत. या आठवड्यात घरोघर फॉर्म फिरवतो.

गच्चीबद्दल मात्र मी लगेच हो म्हणणार नाही. आमच्याकडे रात्री गच्चीवर दारू पिणं, पाण्याच्या टाकीशी खेळ, असे प्रकार झाले. लहान मुलं एकटी वर जातात. कुलूप उगाच लावलेलं नाही.

निवृत्त_जवान

अडचण खरी आहे. दाराशेजारी काचेची छोटी पेटी, आत किल्ली, काच फोडली की गेटवर घंटा वाजेल अशी जोडणी. खर्च फार नाही. एक किल्ली तिन्ही पाळ्यांच्या वॉचमनकडे. ते जमेपर्यंत कुलपाऐवजी आतून सरकणारी कडी, उंचावर, म्हणजे मुलांचा हात पोचणार नाही.

आणि १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टायकिन' जहाजाचा स्फोट झाला, आमचे ६६ जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ. त्या आठवड्यात दल सोसायट्यांमध्ये प्रात्यक्षिकं देतं. लेखी विनंती करा, भाडेकरूंनाही बोलवा. सिलिंडरची पिन काढून तो एकदा हाताने चालवलेला माणूस वेळेला गडबडत नाही.

सांजवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमच्या सल्ल्याने पत्र लिहून सोसायटीला आणि मालकांना दिलं, पोच घेतली. फोटो जोडले: रिकाम्या पेट्या, लाल काटा, गुटख्याने भरलेली तोटी आणि डक्टमधून दिसणारा वरच्या मजल्याचा उजेड (वीजतंत्री, दिसला हो). आमच्या मजल्यावरच्या चारही बिऱ्हाडांनी सह्या केल्या. त्यातली तीन भाड्याची आहेत. सही करण्याआधी आपापली चपलांची कपाटं आत घेतली, नाही तर कोणत्या तोंडाने मागणी करणार.

मालकांनी पत्र वाचून स्वतः सेक्रेटरींना ईमेल केला. त्यानंतर पंपरूम उघडून दाखवली. पॅनलची कळ 'मॅन्युअल'वर होती. गेल्या सहामाहीचा फॉर्म बी मात्र फाइलमध्ये आहे, त्यात 'सर्व यंत्रणा कार्यान्वित' असं लिहिलंय. सेक्रेटरींनाही तो बघून धक्का बसला असं दिसलं. त्यांनी एजन्सीला बोलावलंय, येत्या शनिवारी आमच्यासमोर चाचणी करायची कबुली दिली आहे. काय काय बघायचं ते कृपया सांगा.

कायदेकानू

चाचणीचे मुद्दे आधीच लेखी द्या आणि झाल्यावर त्याच कागदावर एजन्सीच्या माणसाची सही, परवाना क्रमांक आणि तारीख घ्या. जुना फॉर्म बी आणि आजची स्थिती जुळत नसेल तर दोन्ही कागद एकत्र अग्निशमन विभागाला पाठवता येतील. तसं करायचं की नाही ते सोसायटीला ठरवू द्या, पण झेरॉक्स तुमच्याकडे असू द्या.

निवृत्त_जवान

चाचणी पंपरूममध्ये उभं राहून करू देऊ नका. तिथे पंप सुरू झाला की सगळे खूश होऊन घरी जातात. कळ 'ऑटो'वर ठेवायला लावा, एक जण खाली थांबा आणि तुम्ही बाराव्या मजल्यावर जा. तिथला व्हॉल्व्ह उघडा, होज जिन्याच्या खिडकीतून मोकळ्या बाजूला धरा, दोन माणसांनी, कारण दाब असेल तर तो हातातून उसळतो. खाली मुख्य पंप कुणी हात न लावता सुरू झाला पाहिजे. सर्वांत वरच्या व्हॉल्व्हवर गेज लावून साडेतीन किलोचा दाब दिसायला हवा. नंतर व्हॉल्व्ह बंद करून अर्धा तास थांबा आणि जॉकी किती वेळा सुरू होतो ते मोजा. वारंवार सुरू झाला तर गळती शोधल्याशिवाय एजन्सीला सोडू नका, नाही तर पुढच्या महिन्यात कळ पुन्हा 'मॅन्युअल'वर जाईल.

मेन लाइट बंद करूनही एकदा पंप उठवून बघा, डिझेल पंप किंवा जनरेटर जे असेल त्यावर. आगीच्या वेळी वीज आधी जाते.

होज वाळवूनच पेटीत ठेवा.